१ आणि २ तारखेला बरोबर, ३ पासून चूक

प्रश्न : ताई, मी १७ वर्षांची आहे. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा खेळ दोन वर्षं खेळतेय. त्याच्यावर स्वतःची वेबसाइट करता करता कोडिंग शिकायचं ठरवलं. पानाची मांडणी आणि सजावट करणारं एचटीएमएल, सीएसएस जमलं, पानाला हिशेब करायला लावणाऱ्या जावास्क्रिप्टमध्ये अडकले. पेरणीची तारीख टाकली की ऋतू संपायच्या आत पीक हाती येईल का, हे पानावर दिसायला हवं. ऋतू २८ दिवसांचा. पार्सनिपला (गाजरासारखा कंद) ४ दिवस लागतात, बटाट्याला ६, फ्लॉवरला १२. पार्सनिप आणि बटाट्याचं उत्तर १ आणि २ तारखेला बरोबर येतं, ३ पासून पुढे सगळीकडे ‘येणार नाही’. फ्लॉवरला तर कुठल्याच तारखेला होकार नाही. दहा वेळा कोड वाचला. आमचे क्लासचे सर म्हणतात, खेळाच्या नादात वेळ जातोय, हे सोड आणि पुस्तकातले सराव पूर्ण कर. सोडू का?

उत्तर : सोडू नकोस. आधी चूक काढू, मग सरांचं बघू.

तू लक्षणं इतकी नेमकी लिहिली आहेस की कोड न बघताही दुखणं कळतं. पानावरच्या चौकटीत तू ३ टाकतेस, तुझ्या लेखी ती संख्या असते. जावास्क्रिप्टच्या हातात ती मजकूर म्हणून पडते. चौकटीचा प्रकार ‘नंबर’ ठेवला असलास तरी तिची व्हॅल्यू मजकूरच असते. आणि अधिकच्या चिन्हाच्या एका बाजूला मजकूर असला की जावास्क्रिप्ट बेरीज करत नाही, शेजारी शेजारी चिकटवते. म्हणून ३ आणि ४ चे ७ न होता ३४ झाले. ३४ हे २८ च्या पुढे, म्हणून ‘येणार नाही’. आता १ तारीख घे. १ ला ४ चिकटला, १४. २ तारखेला २४. दोन्ही २८ च्या आत! म्हणजे जी दोन उत्तरं तुला बरोबर वाटली, तीही चुकूनच बरोबर आली होती. बटाट्याचे १६ आणि २६, तोच प्रकार. फ्लॉवरचे मात्र पहिल्याच दिवशी ११२ होतात, त्यामुळे त्याला कधीच होकार नाही. तुलना करताना जावास्क्रिप्ट त्या मजकुराची गुपचूप संख्या करून घेते, म्हणून कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुका दाखवतो त्या खिडकीत, लाल अक्षरांत तक्रारही दिसत नाही.

उपाय एका ओळीचा आहे : चौकटीतली व्हॅल्यू घेतल्या घेतल्या ‘नंबर’ या फंक्शनमधून काढ आणि मगच बेरीज कर. नंतर फ्लॉवर १६ तारखेला लावून बघ. १६ आणि १२, बरोबर २८, होकार यायला हवा. १७ ला नकार. १६ लाही नकार आला तर तू तुलनेत ‘पेक्षा लहान’ लिहिलं आहेस, तिथे ‘लहान किंवा समान’ हवं.

आता सरांचं. सराव करच, ते वाया जात नाहीत. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आलेली दिसत नाही. पान नकार देत होतं तेव्हा तो नकार खोटा आहे हे तुला ठाऊक होतं, कारण ३ तारखेला लावलेलं पार्सनिप ७ ला उपटताना तू स्वतः कितीदा पाहिलं आहेस. पुस्तकातल्या उदाहरणाचं उत्तर मागच्या पानावर बघावं लागतं, इथे ते तुझ्या डोक्यात होतं. शिकणाऱ्याला याहून मोठी मदत कुठली, मला तरी सांगता येणार नाही. आणि एक सांगते : हा खेळ एरिक बरोन या एकाच माणसाने काही वर्षं खपून केला, २०१६ मध्ये तो बाजारात आला, आणि त्याने तो करायला घेतला तो स्वतःचं प्रोग्रामिंग सुधारावं म्हणून.

मीही अशीच शिकले. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा साम्राज्यं उभारायचा खेळ १९९९ मध्ये आला, त्यात १३ संस्कृती होत्या. मी प्रत्येकीचं एक पान केलं, १३ फायली, प्रत्येकीत तोच मेनू चिकटवलेला. पुढच्या वर्षी खेळाची पुरवणी आली आणि तिच्यात आणखी ५ : अॅझ्टेक, माया, हूण, स्पॅनिश, कोरियन. मेनूत पाच नावं वाढवायची तर तेराही फायली उघडायच्या! एका पानावर हूण राहिले, दुसऱ्यावर माया दोनदा आले. त्या रात्री मी मेनू उचलून एका वेगळ्या जावास्क्रिप्ट फायलीत ठेवला आणि सगळ्या पानांनी तो तिथूनच घ्यावा अशी सोय केली. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहू नये, हे मी त्याआधी वाचलं होतं. पटलं त्या रात्री.

तू अजून प्रत्येक पिकासाठी वेगळं ‘इफ’ (जर-तरची अट) लिहीत असशील तर तेही असंच हलव. नाव, ऋतू आणि दिवस यांची एक यादी कर, हिशेब एकाच फंक्शनमध्ये ठेव. नवं पीक म्हणजे यादीत एक नवी ओळ, बस.

साइट लोकांसाठी खुली करशील तेव्हा खेळातली चित्रं आणि संगीत उचलून लावू नकोस, ती निर्मात्याची आहेत. मजकूर तुझा, चित्रं तुझी, आणि हे चाहत्याचं अनधिकृत पान आहे असं ठळक लिही.

हे जमलं की स्ट्रॉबेरी घे. पहिलं फळ ८ दिवसांनी, पुढे दर ४ दिवसांनी. वसंतात १३ तारखेच्या अंड्यांच्या जत्रेत बी घेऊन त्याच दिवशी लावलं तर ऋतू संपेपर्यंत किती तोडे मिळतील? तुझ्या पानाने २ म्हणायला हवं. ३ आलं, तर मला पुन्हा लिही.