बंदर आहे, पण जहाज कुठून आणू?

छंदघर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका, नमस्कार. आम्ही नाशिक रोडला राहतो. माझे सासरे रेल्वेतून निवृत्त झालेत. त्यांनी आणि माझ्या सातवीतल्या मुलाने गच्चीवरच्या खोलीत एचओ मापाचं मॉडेल रेल्वेचं लेआउट मांडलंय. एका बाजूला मुंबईच्या गोदीसारखं बंदर करायचं ठरलंय, मालगाडी थेट धक्क्यावर येते तसं. रूळ टाकून झाले, धक्क्याची सहा सेंटिमीटर उंच भिंतही झाली, पण जहाज काही मिळत नाही. मेन रोडच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या लाँच आहेत. ऑनलाइन बघावं तर युद्धनौकांचे किट, त्यावर १:३५०, १:७०० असं लिहिलेलं. मुलाने हौसेने एक १:७०० चं बनवलं आणि धक्क्याला लावलं, तर अख्खं जहाज दोन वाघिणींएवढं! आमच्या गाडीला शोभेल असं मालवाहू जहाज कुठे मिळेल? पाण्यासाठी साडेतीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा आहे.
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ शेवटची आहे. एचओ म्हणजे १:८७, खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या हिश्श्याचं. या मापात तुमची साडेतीन फुटांची जागा खऱ्या जगातली साधारण ९३ मीटर भरते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने बांधलेली लिबर्टी जातीची मालवाहू जहाजं आजच्या मानाने लहानच, पण तीसुद्धा १३४ मीटरहून लांब होती. १:८७ मध्ये तसं एक जहाज दीड मीटरच्या वर जातं, म्हणजे पाच फुटांहून जास्त. असा किट घरात ठेवणार कोण आणि पाठवणार कसा? म्हणून कारखानदार जहाजं १:३५० किंवा १:७०० ला करतात आणि रेल्वेच्या मापाला लहान बोटींवर थांबतात. तेव्हा 'मालवाहू जहाज कुठे मिळेल' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. आधी तुमच्या ९३ मीटरांत काय काय मावतं ते पाहू.

पंचवीस-तीस मीटरची टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, एका फुटाच्या आसपास येते. पंधरा मीटरचा मचवा सतरा सेंटिमीटर. सहा मीटरची होडी सात सेंटिमीटर. एक टग, एक बार्ज (सपाट तळाची मालवाहू बोट), दोन मचवे आणि तीनचार होड्या एवढ्यानेच बंदर गजबजेल. मोठ्या जहाजाची हौस कशी भागवायची तेही सांगतो, पण थोडं पुढे.

त्याआधी सासऱ्यांना एक पट्टी करायला सांगा. मी सातपूरला एका फाउंड्रीत बत्तीस वर्षं पॅटर्नमेकर होतो, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने करणारा. ओतीव लोखंड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं, म्हणून आमची पट्टीच तेवढी वाढवलेली असायची. त्या पट्टीवर एकदा विश्वास टाकला की मनात हिशेब करावा लागत नसे. तसंच इथे करा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर दर साडेअकरा मिलिमीटरला एक रेघ मारा. एक रेघ म्हणजे एक मीटर. पट्टी खिशात घाला, लेआउटवरचा एक माणूसही सोबत घ्या आणि मग मेन रोडला जा.

दुकानात बोटीची लांबी मोजू नका. बोटी सगळ्या लांबीच्या असतात, त्यामुळे नुसत्या सांगाड्यावरून माप कळत नाही. माप कळतं ते दारावरून, कठड्यावरून आणि शिडीच्या पायऱ्यांवरून. १:८७ ला दार दोन रेघांना थोडं कमी, वीस-एकवीस मिलिमीटर हवं. कठडा एक रेघ. लाइफबॉय आठ-नऊ मिलिमीटर. खिशातला माणूस केबिनच्या दाराशी उभा करून बघा. दारातून आत जाता येत असेल तर बोट तुमची. येत नसेल, पण सांगाडा सुबक असेल, तरी सोडू नका. केबिन कापून काढा, प्लॅस्टिक शीटची नवी बसवा, कठडा तारेचा करा, त्याच सांगाड्याची बोट तुमच्या मापाची होते. माझ्या लेआउटवरची टग अशीच आहे. मूळचं ते रेव्हेलच्या हार्बर टगचं किट, १:१०८ चं. केबिन मी स्वतः केली, आता ती एक जरा लहान जातीची टग दिसते आणि नजरेला कुठे खटकत नाही.

तयार मिळणाऱ्यांत नेदरलँड्सची आर्टिटेक कंपनी एचओ आणि एन (१:१६०), दोन्ही मापांत बोटी करते. त्या पाणरेषेपर्यंतच असतात, खालचा भाग नसतोच, म्हणून थेट 'पाण्यावर' ठेवता येतात. अमेरिकेच्या वॉल्थर्सने एचओमध्ये टग आणि रूळ टाकलेला बार्ज काढला होता. त्या बार्जवर वाघिणीच चढवून नेतात, न्यूयॉर्कच्या बंदरात तशी पद्धत होती. किब्री आणि फालर या जर्मन नावांखाली कालव्यातले बार्ज आणि मासेमारीच्या बोटी सापडतील. ब्रिटिश १:७६ मापाची बोटही चालते. फरक आठव्या हिश्श्याच्या आसपास आहे, तो बोटीत लपतो. परदेशातून मागवताना पार्सलचा खर्च आणि सीमाशुल्क किमतीत धरूनच ठरवा.

पण ताई, यातली एकही बोट मुंबईची नाही, आणि तुम्हाला तर मुंबईची गोदी करायची आहे. रॉटरडॅमचा बार्ज आणून ठेवला तर त्याच्या शेजारी तुमची मालगाडीच परकी वाटायला लागेल. टग परदेशी चालेल. मचवा मात्र आपलाच हवा, आणि तो हातानेच करावा लागेल.

मी मचवे पाहायला पंचवटी एक्स्प्रेसने गेलो होतो. भाऊच्या धक्क्यावर तासभर उभा राहिलो, मग रे रोडच्या मागच्या बंदरांकडे गेलो. लकडी बंदर, कौला बंदर, कोळसा बंदर. कुठे काय उतरायचं ते नावातच आहे. ओहोटी होती. मचवे चिखलात एका कुशीवर कलंडले होते, तळ उघडा, सुकाणू बाहेर. तिथेच मला कळलं की मी घरी जे करत होतो ते उगाच अवघड करून ठेवलं होतं. पूर्ण सांगाड्याची बोट पाणरेषेवर सरळ कापणं हे आपल्याला सगळ्यात छळणारं काम. ओहोटीचा देखावा केला तर ते करावंच लागत नाही! पूर्ण बोट चिखलात कलती ठेवायची. चिखल म्हणजे बारीक चाळलेली माती, फेव्हिकॉल आणि वरून चकाकीचं वार्निश.

उधाणाच्या वेळी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो. तुमच्या पट्टीवर तो जवळपास पाच सेंटिमीटर. तुमची भिंत सहा सेंटिमीटर आहे, म्हणजे ओहोटीला हवी तेवढी. गोदीच्या आतली गोष्ट वेगळी. तिथे दरवाजे असतात, पाणी आत अडवून धरलेलं असतं, म्हणून ते कायम वरच. तेव्हा गोदीचा आतला भाग दाखवायचा की बाहेरचं बंदर, हे बोट आणण्याच्या आधी ठरवा. मी तुमच्या जागी असतो तर बाहेरचं बंदर केलं असतं. पोर्ट ट्रस्टची रेल्वे १९१५ पासून वडाळ्याहून बॅलार्ड पिअरपर्यंत या बंदरपट्ट्यातूनच धावायची, त्यामुळे तुमच्या मालगाडीलाही तिथे जागा आहे.

मचवा करण्याची माझी पद्धत सांगतो. शिवणीचं लाकूड घ्या, हलकं आणि कोरायला गोड. दोन अर्धे तुकडे मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून चिकटवा आणि मग एकत्र कोरा. मधली रेघ शेवटपर्यंत दिसत राहते, त्यामुळे डावी-उजवी बाजू सारखी येते. पुठ्ठ्याचे तीन फर्मे करा, नाळेजवळचा, मधला आणि मागचा, आणि प्रत्येक फर्मा दोन्ही बाजूंना लावून बघत जा. आत पोकळ करताना तुकडे कागदावर उकलून वेगळे करा, कोरा, पुन्हा चिकटवा. फाउंड्रीत दोन भागांचे पॅटर्न आम्ही असेच करायचो. सासरे लेआउटवर वाफेची इंजिनं चालवत असतील तर डोलकाठी आणि शीड हवं. शीड कापडाचं करू नका, कापडाची वीण या मापात दोरखंडाएवढी जाड दिसते. पतंगाचा कागद चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा आणि गुंडाळून आडव्या काठीला बांधा. बंदरात शीड उतरवलेलंच असतं. डिझेलचा काळ असेल तर मागे छोटी केबिन आणि नाळेवर बावटा पुरे. मुलाला रंग निवडू द्या. त्याने एकदा कोळ्यांच्या बोटींचे रंग प्रत्यक्ष पाहिलेले असावेत एवढं मात्र बघा, आणि तिथे फोटो काढण्याआधी विचारून घ्या.

आता मोठं जहाज. अख्खं नको, त्याचा तुकडा करा. पाण्याच्या एका टोकाला लेआउटची कड जिथे संपते तिथे जहाजही कापलेलं दाखवा. मागचा साठ सेंटिमीटर भाग घेतलात तर तो खरा बावन्न मीटर होतो. त्यात मालाचं एक तोंड, एक डोलकाठी आणि माल उचलायचा डेरिक येतो. हूक बरोबर वाघिणीच्या डोक्यावर ठेवा. गाडी धक्क्यावर कशाला आली हे पाहणाऱ्याला तिथे कळतं, उरलेलं जहाज तो मनाने पुरं करतो. सांगाडा तीन मिलिमीटरच्या एमडीएफच्या फासळ्यांचा, वर जाड कार्डशीट. फासळ्या लेझरने कापून घ्यायच्या असतील तर अंबडला हे काम करणारे पुष्कळ आहेत. जहाज अर्धं रिकामं दाखवा, म्हणजे पाण्याच्या वर तांबडा पट्टा दिसेल आणि साध्या राखाडी भिंतीला जीव येईल. बाजूवर भाररेषेची खूण काढायला विसरू नका, गोल आणि मधून आडवी रेघ. ब्रिटिश खासदार सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या आग्रहामुळे १८७६ च्या ब्रिटिश कायद्याने ती सक्तीची झाली, जास्त माल भरून खलाशांना बुडवणं थांबावं म्हणून. खरा गोल तीनशे मिलिमीटरचा, तुमच्याकडे साडेतीन मिलिमीटरचा. मुलाला काढायला सांगा आणि ती कशासाठी असते तेही सांगा.

टगच्या बाजूला लटकणारे टायर म्हणजे हायड्रॉलिकच्या दुकानातले ओ-रिंग, बाहेरून बारा मिलिमीटरचे. जहाजाच्या दोरांवर उंदीर चढू नयेत म्हणून पत्र्याच्या चकत्या असतात, त्या पातळ पत्र्याच्या दहा मिलिमीटरच्या कापा. दोर ताणून बांधू नका. बाहेरच्या बंदरात बोट भरतीबरोबर वर-खाली होते, दोराला ढील हवीच.

थ्रीडी प्रिंटचा विचार करत असाल तर एवढंच: बोटीची फाइल १:७२ ची असेल तर ८२.८ टक्के, १:१०० ची असेल तर ११५ टक्के ठेवायला सांगा. सांगाडा लाकडाचा आणि दोरखुंट, नांगर, छोट्या वस्तू प्रिंटच्या, ही वाटणी मला आवडते.

प्रश्न : पाण्यासाठी इपॉक्सी रेझिन ओतलं. खालून तडे गेले आणि प्लॅस्टिकची बोट वाकडी झाली. काय चुकलं?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर : बहुधा एकदम जाड ओतलंत. रेझिन घट्ट होताना तापतं, आणि थर जाड असेल तर ती उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. माझाही एक बार्ज असाच गेला. दोन-तीन मिलिमीटरचा थर ओता, पूर्ण घट्ट होऊ द्या, मग पुढचा. बोट शेवटच्या थरात बसवा. कडेने रेझिन बोटीच्या अंगावर चढतं, ते नंतर खरवडून तिथे मॅट वार्निश लावा. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडच्या थंडीत ते घट्ट व्हायला फार वेळ घेतं आणि बुडबुडे अडकतात, म्हणून डबा ओतण्याआधी कोमट पाण्यात ठेवा. ऐन पावसाळ्यात दमट हवेमुळे वर चिकट साय धरते, तेव्हा हे काम टाळलेलं बरं.

रंग निळा देऊ नका. मुंबईच्या बंदरातलं पाणी मातकट, हिरवट-करडं असतं. ओतण्याआधी तळाला तोच रंग द्या, धक्क्याजवळ गडद. हॅम्बुर्गला मिनियाटूर वुंडरलांड या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात तीस हजार लिटर खरं पाणी आहे आणि त्यात भरती-ओहोटीही होते. आपल्या खोलीत खरं पाणी नको. रूळ गंजतात, आणि डास होतात.

प्रश्न : माझं लेआउट एन स्केलचं आहे. तिथे तरी पूर्ण जहाज मावेल का?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : मावेल. १:१६० ला शंभर मीटरचं जहाज साडेबासष्ट सेंटिमीटर होतं. १:१४४ चे किट पाहा, फरक दहाव्या हिश्श्याचा. त्यात युद्धनौकाच जास्त मिळतात, त्यांच्या तोफा काढून मालवाहू करायला जाऊ नका, सांगाडा फार अरुंद असतो. जर्मनीत कागदी जहाजांचे नकाशे बहुतेक १:२५० ला छापतात. ते मूळच्या १५६ टक्क्यांपर्यंत मोठे करून जाड कागदावर काढले की १:१६० होतात. पहिल्या उत्तरात सांगितलेली पट्टी केलीत तर तुमची दोन रेघांमधली जागा सव्वासहा मिलिमीटर धरा.