सिंपथीचं काय चुकलं?

प्रश्न असा आला आहे : शिक्षकांच्या एका कार्यशाळेत सांगितलं गेलं की ‘सिंपथी नको, एम्पथी हवी’. सिंपथी म्हणजे खड्ड्यात पडलेल्या माणसाकडे काठावरून बघत ‘अरेरे’ म्हणणं आणि एम्पथी म्हणजे त्याच्यासोबत खड्ड्यात उतरणं. हे शब्दांच्या मूळ अर्थाला धरून आहे का? आणि ‘सहानुभूती’ हा शब्द सिंपथीने अडवून ठेवला असेल, तर एम्पथीला मराठीत काय म्हणायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो. आजच्या वापराला धरून आहे, मूळ अर्थाला अजिबात नाही. अडीचशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत खड्ड्यात उतरण्याचं काम सिंपथीकडेच होतं. एम्पथी तेव्हा जन्मालाही आली नव्हती.

सिंपथी हा ग्रीक शब्द. ‘सिन्’ म्हणजे सह, आणि ‘पॅथॉस’ म्हणजे माणसावर जे गुदरतं ते : भावना, दुःख, दुखणं सगळंच. पॅथॉलॉजी लॅबमधलं ‘पॅथ’ हेच. होमिओपॅथीतलंही हेच, हानेमान यांनी ‘सारखं दुखणं’ अशा अर्थाने तो शब्द घडवला. (आपण मात्र शेपूट तोडून ‘कुठल्या पॅथीचं औषध चालू आहे?’ असं विचारतो. म्हणजे शब्दशः, कुठल्या दुखण्याचं औषध? प्रश्न तसा बरोबरच आहे.)

सोळाव्या शतकाच्या शेवटी शेवटी सिंपथी इंग्रजीत आली, तेव्हा तिचा दयेशी फारसा संबंध नव्हता. दोन वस्तूंमध्ये असलेली छुपी ओढ किंवा सारखेपणा म्हणजे सिंपथी. लोहचुंबक आणि लोखंड यांच्यात सिंपथी, ग्रह आणि शरीर यांच्यात सिंपथी, पोट बिघडलं की डोकं दुखतं ती अवयवा-अवयवांतली सिंपथी. शेक्सपिअरच्या ‘द मेरी वाइव्ह्ज ऑफ विंडसर’मध्ये जाडजूड, कर्जबाजारी फॉल्स्टाफ एका विवाहित बाईला प्रेमपत्र लिहितो. त्यातला युक्तिवाद साधारण असा : तू काही तरुण नाहीस, मीही नाही, म्हणजे आपल्यात सिंपथी आहे, तू आनंदी, मीही आनंदी, म्हणजे आणखी सिंपथी, तुला मद्य आवडतं, मलाही आवडतं, याहून चांगली सिंपथी कुठली हवी? इथे ‘सहानुभूती’ घालून बघा, वाक्य कोसळतं. ‘गुण जुळतात’ म्हटलं तर झकास बसतं.

सतराव्या शतकात तर सिंपथीची पूड मिळायची. सर केनेल्म डिग्बी या इंग्रज सरदाराने १६५८ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिए इथे केलेलं भाषण छापून आलं, त्यात त्याने स्वतः सांगितलेला किस्सा आहे. जेम्स हॉवेल नावाचा लेखक भांडणाऱ्या दोन मित्रांना सोडवायला मधे पडला आणि हाताला तलवारीचा वार बसला. डिग्बीने जखमेला हातही लावला नाही. जखमेवर बांधलेलं रक्ताळलेलं कापड तेवढं मागून घेतलं आणि हिराकशीसारख्या क्षाराच्या (हीच ती पूड) पाण्यात बुडवलं. खोलीच्या दुसऱ्या बाजूला बोलत उभ्या असलेल्या हॉवेलला एकदम थंड वाटलं. जेवणानंतर डिग्बीने ते कापड काढून शेकोटीपाशी वाळत घातलं, तर हॉवेलचा नोकर धावत आला : हात पुन्हा भाजल्यासारखा होतोय! कापड पाण्यात गेलं, आग थांबली. पाच-सहा दिवसांत जखम भरली म्हणे.

खरं कारण बहुधा साधं असावं. त्या काळी जखमेवर जे लेप थापले जायचे, त्यांच्यापासून हॉवेलचा हात वाचला. पण डिग्बीच्या मते कापडातलं रक्त आणि हातातलं रक्त यांच्यात ‘सिंपथी’ होती. आपल्याकडे केसाचा पुंजका किंवा कपड्याची चिंधी पळवून करणी करतात असं जे मानलं जायचं, त्यामागचा तर्क हाच. मानववंशशास्त्रात अशा प्रकाराला आजही इंग्रजीत ‘सिंपथेटिक मॅजिक’च म्हणतात, आणि त्यात दयामाया शोधून सापडणार नाही.

हा जुना अर्थ मेला असं समजू नका. सतारीवर वाजवायच्या तारांच्या खाली तरफेच्या तारा असतात. त्यांना सहसा कोणी छेडत नाही. वरचा सूर लागला की त्या आपल्याआप झंकारतात. इंग्रजीत त्यांचं नाव ‘सिंपथेटिक स्ट्रिंग्ज’. आणि माझ्या मते सिंपथी या शब्दाचा सगळा इतिहास समजून घ्यायला तरफेइतकं चांगलं उदाहरण नाही. कारण तत्त्वज्ञांनी हा शब्द वस्तूंवरून उचलून माणसांच्या मनावर ठेवला, तो याच तारेवरून चालत. डेव्हिड ह्यूमने १७३९-४० मध्ये आलेल्या आपल्या मानवी स्वभावावरच्या ग्रंथात लिहिलं, की सारख्या ताणलेल्या तारांपैकी एकीचं कंपन जसं बाकीच्यांत उतरतं, तशा भावना एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातात. यात वर-खाली काही नाही. ज्याला झंकारायचं तो त्याच वाद्यावर बसलेला आहे.

मग अ‍ॅडम स्मिथ. अर्थशास्त्रवाले त्याला ‘वेल्थ ऑफ नेशन्स’साठी ओळखतात, पण त्याच्या सतरा वर्षं आधी, १७५९ मध्ये, त्याने ‘थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स’ लिहिलं आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात या शब्दाची व्याख्या करून ठेवली. त्याचं म्हणणं : दया आणि करुणा हे शब्द दुसऱ्याच्या दुःखापुरते राखीव आहेत, सिंपथीचाही अर्थ मुळात कदाचित तोच असेल, पण आता कुठल्याही भावनेत सहभागी होण्याला तो शब्द वापरायला फारशी हरकत नसावी. कुठल्याही! आनंदातसुद्धा. स्मिथचं उदाहरण तर थेट आपल्या डोंबाऱ्याच्या खेळाचं वाटतं : सैल दोरावर कसरत करणाऱ्याकडे बघताना खालची गर्दी स्वतःचीच अंगं वळवते, तोल सांभाळते. दोरावर तो, आणि घाम आपल्याला.

पण स्मिथ भाबडा नव्हता. सख्खा भाऊ यातनायंत्रावर असला, तरी आपण मजेत असताना आपली इंद्रियं आपल्याला त्याच्या वेदना सांगत नाहीत, असं तो बजावतो. ‘जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे’, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून तो म्हणतो, कल्पनेनं त्याच्या जागी जायचं, जणू त्याच्या शरीरात शिरायचं. कार्यशाळेत एम्पथीची जी व्याख्या सांगितली, ती हीच ना? तिच्यावर नाव होतं सिंपथी.

मग घसरण कशी झाली? दुःखाच्या वाटेने. एखाद्याच्या आनंदात सामील होताना आपण ‘मला सिंपथी वाटते’ म्हणत नाही, नुसते हसतो. शब्द लागतो तो मयताच्या घरी. सांत्वनाच्या पत्रात, शोकसंदेशाच्या कार्डावर शब्द झिजत गेला आणि ‘सहभाग’ जाऊन ‘अरेरे’ उरलं. दयेचा वास लागला की समोरच्याला कमीपणा वाटतो. मग तो शब्द नको होतो. मराठीत ‘कीव’ची गत बघा. ‘मला तुझी कीव येते’ हे वाक्य आता भांडणातच ऐकू येतं. ‘बिचारा’ही त्याच रांगेत.

सरकारी कागदाने तर आणखी हाल केले. ‘आपल्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल’ हे वाक्य ज्यांना आलं आहे, त्यांना त्यातली अनुभूती किती ते माहीत असेल. ‘अनुकंपा’ तर किती सुंदर शब्द : दुसरा थरथरला की त्याच्यामागोमाग आपणही थरथरणं, म्हणजे पुन्हा ती तरफेची तार. आज तो भेटतो ‘अनुकंपा तत्त्वावरील नियुक्ती’त, आणि थरथरतो तो फक्त अर्जदार. शरीरशास्त्रात मात्र ‘सिंपथेटिक’ला ‘अनुकंपी’ म्हटलं गेलं, आणि तिथे तो शब्द मुळाला धरून राहिला, कारण तिथेही अवयवांची एकमेकांना साथ हाच जुना अर्थ आहे. (गंमत म्हणजे ही अनुकंपी यंत्रणा जागी होते तेव्हा माणूस एकतर मारामारी करतो नाहीतर पळतो.) राजकारणात दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदतात. १९८४ च्या निवडणुकीत आली ती ‘सहानुभूतीची लाट’, ती हळहळीची. पण कुणी ‘पक्षाचा सहानुभूतीदार’ असतो, तो पक्षाची कीव करत नसतो. त्याचे विचार जुळतात. फॉल्स्टाफवाली सिंपथी ती.

आता एम्पथी. हा शब्द ग्रीक दिसतो, पण तो आहे जर्मनचा अनुवाद. १८७३ मध्ये रोबर्ट फिशर या जर्मन अभ्यासकाने कलेबद्दल लिहिताना ‘आइनफ्यूलुंग’ हा शब्द वापरला : आत शिरून अनुभवणं. कशाच्या आत? माणसाच्या नव्हे, वस्तूच्या आणि आकाराच्या. उंच खांब बघताना आपलाही कणा ताठ होतो, ते आइनफ्यूलुंग. पुढे थिओडोर लिप्स या जर्मन तत्त्वज्ञाने तो मानसशास्त्रात आणला, आणि त्याचंही एक उदाहरण होतं दोरावरच्या कसरतपटूचं. स्मिथचा डोंबारी दीडेकशे वर्षांनी दुसऱ्या नावाने पुन्हा दोरावर चढला! १९०९ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातल्या एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञाने या जर्मन शब्दाला ‘एम्पथी’ हा इंग्रजी प्रतिशब्द सुचवला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मानसोपचारवाल्यांनी तो खांब-शिल्पांकडून माणसांकडे वळवला. तोवर सिंपथी दयेत रुतलीच होती. मोकळी झालेली खुर्ची एम्पथीने घेतली.

एक सावधगिरी. हा शब्द ग्रीक आहे म्हणून ग्रीसमध्ये जाऊन वापरू नका. आजच्या ग्रीक भाषेत ‘एम्पाथिया’ म्हणजे आकस, द्वेषबुद्धी. आणि फ्रेंचमध्ये ‘सँपातिक’ माणूस म्हणजे कीव करणारा नव्हे, मनमिळाऊ, आवडून जाणारा. एकाच घरातल्या मुली वेगवेगळ्या गावी दिल्या की असं व्हायचंच.

राहिला दुसरा प्रश्न. ‘सहानुभूती’ची फोड करा : सह अधिक अनुभूती, बरोबरीनं अनुभवणं. एम्पथीबद्दल जे सांगितलं जातं ते या शब्दात अक्षरशः आहे. पण वापराने त्याला दयेचा रंग चढला आहे हे मान्य करायला हवं, फोड करून रंग उतरत नाही. म्हणून ‘समानुभूती’, ‘तदनुभूती’, ‘परानुभूती’, ‘सहसंवेदना’ असे पर्याय पुढे आले. ‘समानुभूती’ सध्या जोरात आहे. मला मात्र त्यातला ‘सम’ खटकतो. कार्ल रॉजर्स या मानसोपचारतज्ज्ञाने १९५७ मध्ये बजावलं होतं, की दुसऱ्याचं जग जणू आपलंच असावं तसं अनुभवा, पण तो ‘जणू’ सोडू नका. ‘सम’ने तो ‘जणू’ पुसून टाकला. ‘परानुभूती’त निदान ‘पर’ आहे, अनुभव दुसऱ्याचा आहे याची आठवण आहे. शास्त्रीय लेखनात मी तोच वापरीन. साहित्यावर लिहिताना तर नवीन काही घडवायलाच नको, ‘परकायाप्रवेश’ कधीचा आहे आणि ‘आइनफ्यूलुंग’ला एम्पथीपेक्षा तोच जवळचा.

रोजच्या बोलण्यात यातलं काहीच नको. ‘त्याला एम्पथी नाही’ याचं मराठी ‘त्याला दुसऱ्याची जाण नाही’. सिंपथीचा जो अर्थ ह्यूम-स्मिथना अभिप्रेत होता त्यातला दुःखाचा भाग ‘कळवळा’त पुरेपूर आहे, आणि त्याला अजून कीव चिकटलेली नाही. ‘पोटात तुटलं’, ‘जीव कालवला’ यांत तर शरीरच बोलतं. आनंदाच्या भागाला मात्र आपल्याकडेही एकेरी शब्द मला सापडलेला नाही. शेजारच्या मुलीला नोकरी लागली आणि पेढा खाण्याआधीच आपलं तोंड गोड झालं, याला एका शब्दात काय म्हणाल?