ठसा मोठा, नाणे लहान

प्रश्न : वागळे इस्टेटमधील एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी तीस वर्षे डाय-पंच तयार करण्याचे काम केले. आजीच्या डब्यातून माझ्याकडे तांब्याच्या दोन शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची जुनी नाणी) आल्या आहेत. एकीवर अर्धा ‘श्री’ आणि ‘राजा’ दिसतो. दुसरीवर ‘राजा’ व ‘शिव’ आहे, पण वर काहीच नाही. अक्षरे झिजली, की ठसाच अपुरा होता? आणि स्पार्क मशीन (विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणारे यंत्र) नसताना हे ठसे कसे बनवत असत?
– एक वाचक, चरई, ठाणे

उत्तर : ठसा पुरता होता, चकती (ज्यावर ठसा मारतात तो धातूचा कोरा तुकडा) लहान होती. शिवराईच्या ठशावर एका बाजूसाठी ‘श्री / राजा / शिव’ असा तीन ओळींचा आणि दुसऱ्या बाजूसाठी ‘छत्र / पति’ असा दोन ओळींचा मजकूर ठिपक्यांच्या वर्तुळात कोरलेला असे, आणि त्यातला जेवढा भाग चकतीवर येई तेवढाच उमटे. हा प्रकार झिजेपासून वेगळा ओळखणे आपल्याला अवघड जाणार नाही. झिजलेले अक्षर हळूहळू सपाट होत जाते, तर चकतीबाहेर राहिलेले अक्षर काठापाशी पूर्ण उंचीवर असतानाच एकदम तुटते.

आपल्या नाण्यांवर ठिपक्यांची कमान थोडीशी जरी दिसत असेल, तर ती ट्रेसिंग पेपरवर उतरवून घ्या आणि कंपासने वर्तुळ पुरे करा. मूळ ठसा केवढा होता याचा अंदाज घरबसल्या येईल. एकाच ठशाची चार-पाच नाणी मिळाली, तर एकीवरचा ‘श्री’ आणि दुसरीवरचा ‘शिव’ जुळवून संपूर्ण ठसा कागदावर उभा करता येतो. अभ्यासक हेच करतात. मात्र त्याआधी ठसा खरोखर एकच आहे याची खात्री करावी लागते, कारण ठसे हाताने कोरलेले असल्यामुळे अक्षरांचे वळण बदलते आणि ‘शिव’ऐवजी ‘सिव’ किंवा ‘सीव’ असेही आढळते. पेशवाईत परवान्यावर चालणाऱ्या खासगी टांकसाळी अनेक होत्या, तेव्हा कारागीरही अनेक असणारच.

आता ठसे बनवण्याच्या रीतीविषयी. हाताने पाडायच्या नाण्याचा ठसा बनवताना लोखंडाचा किंवा पोलादाचा ठोकळा तापवून सावकाश निववत, म्हणजे तो कोरण्याइतका नरम होई. तोंड कानशीने सपाट करून घासून गुळगुळीत केले, की कोरणीने आणि बारीक पंचांनी मजकूर खोलगट व उलटा, आरशात दिसावा तसा, कोरायचा. ठिपक्यांसाठी टोकदार पंच एकेका ठोक्याने बसवला जाई. शेवटी ठसा पुन्हा लाल करून पाण्यात विझवत. आपल्या भाषेत सांगायचे तर पोलादाला पाणी देत. पाणी कमी पडले तर अक्षरे लवकर दबत, जास्त झाले तर ठसा तडके. ठशाला गेलेली तड पुढच्या प्रत्येक नाण्यावर उंच रेघ होऊन उमटते, म्हणून अशी रेघ दिसल्यास तिला ओरखडा समजू नये. ओरखडा नेहमी खोल असतो.

आपण खालच्या भागाला डाय आणि वरच्याला पंच म्हणत असाल. नाण्याच्या बाबतीत दोन्ही ठसेच: खालचा ऐरणीत पक्का बसवलेला, वरचा हातात धरलेला. घणाचा घाव थेट वरच्यावर पडत असल्यामुळे तो आधी निकामी होई आणि खालच्या एका ठशाच्या आयुष्यात वरचे अनेक ठसे खर्ची पडत. ग्रीक आणि रोमन नाण्यांपासून हीच रीत आहे. आपल्याकडची आहत नाणी मात्र वेगळी : चांदीच्या तुकड्यावर सूर्य, षडर (सहा आऱ्यांचे) चक्र अशी चिन्हे सुट्या पंचांनी एकेक करून, बहुधा पाच, उमटवलेली असतात.

नवा ठसा कोरणे हे धातू वितळवून नव्या चकत्या घडवण्यापेक्षा सोपे होते, याचा पुरावा नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली सापडलेल्या निधीत आहे. तेथील तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाणी नहपान क्षत्रपाची असून त्यांच्यावर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला आहे. काहींवर नव्या चिन्हांखालून नहपानाचे नाक अजून डोकावते.

आपण ठाणेकर, म्हणून एक आडवळण घेतो. आपले शहर शिलाहारांची राजधानी असताना चलनात ‘गधैया’ नाणी होती. त्यांचा मूळ नमुना इराणच्या सासानी राजांचा, म्हणजे एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला अग्निवेदी. पुढच्या कारागिरांनी नाण्यावरून ठसा, त्या ठशाच्या नाण्यावरून पुन्हा ठसा असे करत शतके काढली आणि अखेर राजाचा चेहरा ठिपके व रेघा एवढाच उरला. शिलाहार छित्तराजाने अशाच नाण्यावर आपले नाव नागरीत घातले.

ठसा आणि चकती यांचा मेळ बसला तो यंत्रामुळे. बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत मॅथ्यू बोल्टनने १७८८ च्या सुमारास वाफेवर चालणारे दाबयंत्र वापरात आणले, आणि मुंबई इलाख्यासाठी तराजू व ‘अदल’ ही अक्षरे असलेले १७९१ सालचे तांब्याचे पैसे तेथूनच आले. उठावाचा एक पोलादी पंच नरम ठोकळ्यात दाबून हवे तेवढे एकसारखे ठसे काढता येऊ लागले. संग्राहक म्हणून मला ती नाणी थोडी कंटाळवाणी वाटतात, हे कबूल करतो.

प्रश्न : माझ्याकडील एक रुपयाच्या नाण्याच्या दोन्ही बाजूंना सिंहच आहेत, एका बाजूचे खोलगट व उलटे आहेत. एक विक्रेता अशा नाण्याचे हजारो रुपये सांगतो. हे खरे असते का?
– एक वाचक, ऐरोली, नवी मुंबई

उत्तर : असू शकते. पाडलेले नाणे कधी ठशालाच चिकटून राहते आणि पुढच्या चकतीवर ते स्वतःच ठसा म्हणून दाबले जाते. मग त्याचे सिंह खोलगट व उलटे उमटतात. परंतु दोन नाणी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळूनही अशी खूण उमटवता येते, म्हणून भिंगाखाली खोलगट बाजू नीट पाहावी. टांकसाळीत घडलेल्या नाण्यावर तेथे रुपयाच्या आकड्याचा मागमूसही नसतो, कारण तो ठसा त्या चकतीपर्यंत पोहोचलेलाच नसतो. सिंहांच्या आडून ‘१’ची पुसट कड दिसली, तर ते नाणे कोणीतरी शेगड्यात दाबलेले आहे.