वाचक विचारतात : फौजीच्या घरात मनाचा आजार, हक्काचे उपचार कुठे आणि कसे?

प्रश्न : माझे मिस्टर सैन्यात नाईक पदावर आहेत, सध्या रजेवर मोहोळला घरी आलेत. रात्रभर झोप नाही, दार आपटलं तरी दचकून उठतात, पिणं वाढलंय. दवाखान्याचं नाव काढलं की म्हणतात, ‘कॅटेगरी (वैद्यकीय श्रेणी) पडेल, प्रमोशन जाईल.’ सोलापुरात खासगी डॉक्टरांना गुपचूप दाखवलं तर चालेल का? त्याचा खर्च मिळतो का?
— एक वाचक, मोहोळ

उत्तर : ताई, गुपचूप दाखवू नका. सेवेत असलेल्या जवानाचे उपचार लष्करी रुग्णालयात मोफत होतात. सोलापूरला जवळची म्हणजे पुण्याचं कमांड हॉस्पिटल किंवा अहिल्यानगरचं मिलिटरी हॉस्पिटल. पुण्यात मनोविकार विभाग आहे. सोलापुरातलं ईसीएचएस (माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठीची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिक निवृत्तांसाठी आहे. तिथे सेवेतल्या जवानाचं कार्ड निघत नाही.

चोरून घेतलेल्या गोळ्यांमुळे दोन अडचणी येतात. रजा संपली की गोळ्याही संपतात आणि पहाऱ्यावर असताना त्या एकदम बंद पडतात. दुसरी अडचण पुढे अनेक वर्षांनी कळते. आजाराची सुरुवात सेवेच्या कागदांवर कुठेच नसेल, तर तो नोकरीमुळे झाला हे दाखवायला हातात काही उरत नाही.

कॅटेगरीची भीती खरी आहे, पण ती अर्धवट माहितीवर उभी आहे. वैद्यकीय श्रेणीतलं ‘एस’ हे अक्षर मनाच्या स्थितीचं. उपचार सुरू झाल्यावर श्रेणी सहसा आधी तात्पुरती उतरवतात, साधारण २४ आठवड्यांसाठी. मग पुन्हा बोर्ड (डॉक्टरांच्या मंडळाची तपासणी) होतो आणि सुधारणा दिसली तर श्रेणी वर जाते. त्या काळात शस्त्र आणि काही ठिकाणच्या पोस्टिंगवर बंधनं येतात, हे मान्य. पण उपचाराविना नशेत किंवा संतापात हातून काही घडलं, तर मामला शिस्तीचा होतो आणि तिथे आजाराची सबब सहज चालत नाही.

म्हणून रजा संपण्याआधी त्यांनीच कंपनी कमांडरना किंवा युनिटच्या डॉक्टरांना फोन करावा. मनोविकार तज्ज्ञाकडे पाठवताना कमांडिंग ऑफिसर एएफएमएसएफ-१० हा अहवाल भरतात. त्यात जवानाचं वागणं, काम, घरचे ताण लिहिलेले असतात. घरची परिस्थिती तुम्ही स्पष्ट सांगितली तरच तो नीट भरला जाईल. प्रवास करण्यासारखी स्थिती नसेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये दाखवा, केसपेपर घ्या आणि त्याच दिवशी युनिटला कळवा. न कळवता रजेवर जास्त दिवस राहिलं तर गैरहजेरी लागते.

रोज पिणारा माणूस एकदम दारू थांबवतो तेव्हा दोन-तीन दिवसांत थरथर, भास, झटके येऊ शकतात. ही तातडीची अवस्था आहे, घरी थांबू नका. ‘जगण्यात अर्थ नाही’ असं ते बोलत असतील तर एकटं सोडू नका. शेतीची औषधं आणि परवान्याची बंदूक घरातून हलवा. १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. सेवा मोफत आहे, मराठीत बोलता येतं. सैन्यदलांसाठी या सेवेचा वेगळा कक्ष पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झाला. आणि पोलिसांच्या भीतीने सिव्हिल टाळू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणारं जुनं ३०९ कलम घेतलेलं नाही.

प्रश्न : मी निवृत्त सुभेदार, बार्शी तालुका. मुलगा २७ वर्षांचा, त्याला सात वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. पंचविशी झाल्यावर त्याचं ईसीएचएस कार्ड बंद झालं. आमच्या माघारी त्याचं काय?
— एक वाचक, बार्शी

उत्तर : साहेब, मुलाचं नाव साधारणपणे २५ व्या वर्षी गळतं. पण कायम दिव्यांग आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या मुलाला वयाची अट नाही. त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये मानसिक आजार हा स्वतंत्र प्रकार आहे. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) अर्ज करा आणि तपासणीला सिव्हिलमध्ये या.

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. मानसिक आजाराची टक्केवारी ‘आयडियाज’ नावाच्या मोजपट्टीने ठरते. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, बोलणं-समजणं आणि काम, या चारांना प्रत्येकी शून्य ते चार गुण असतात. आजार किती वर्षांचा आहे, याचेही गुण जोडले जातात. एकूण सात गुण झाले की ४० टक्क्यांची पायरी येते. डॉक्टरांपुढे आई मायेने म्हणते, ‘आता बरा आहे, स्वतःचं स्वतः करतो.’ आंघोळीला तीनदा सांगावं लागतं, दोन वर्षांत एक नोकरी टिकली नाही, शेजाऱ्यांशी बोलत नाही, हे राहूनच जातं. वाईट दिवस कसे असतात ते आधी वहीत लिहून न्या. पहिल्या केसपेपरपासून सगळे कागद तारखेप्रमाणे लावा. आजाराची वर्षं त्यावरूनच धरली जातात.

दाखला हातात आला की आधी बघा, तो कायमचा आहे की ठराविक मुदतीचा. मुदतीचा असेल तर संपायच्या दोन-तीन महिने आधी पुन्हा तारीख घ्या. मग मुलाचं नाव, जन्मतारीख आणि तुमचं नाव आधार, डिस्चार्ज बुक आणि दाखल्यावर अक्षरशः एकसारखं आहे का ते पाहा. एक वेलांटी वेगळी असली तरी अर्ज परत येतो. हे जुळलं की कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करा.

माघारचा प्रश्न पेन्शनचा आहे, आणि ईसीएचएस कार्ड झालं म्हणून पेन्शनची नोंद आपोआप होत नाही. आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला आईवडिलांनंतर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. त्यासाठी तुम्ही हयात असतानाच रेकॉर्ड ऑफिसला (तुमच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय) लिहून त्याचं नाव पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, चढवून घ्या. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला. मुलाच्या वतीने रक्कम घेणारा पालकही त्याच वेळी नेमून ठेवा. नाहीतर मुलालाच पुढे कचेऱ्यांच्या पायऱ्या चढाव्या लागतील, आणि ते त्याला जमणार नाही. अर्जाच्या कामात सोलापूरचं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

प्रश्न : यजमान हवालदार होते, आता नाहीत. मला बायपोलर या मनाच्या आजारासाठी लिथियमची गोळी चालू आहे. पॉलिक्लिनिकमध्ये ते कधी कधी नसतं, मग मी पदरमोड करून आणते.
— एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : आधी विकत आणायचं आणि मग पॉलिक्लिनिकला सांगायचं, हा क्रम उलटा करा. औषध उपलब्ध नसल्याची नोंद पॉलिक्लिनिककडून चिठ्ठीवर करून घ्या. मगच नेमलेल्या दुकानातून किंवा ते सांगतील तसं औषध घ्या. मूळ बिल आणि चिठ्ठीची प्रत जपा. नोंदीशिवायचं बिल अडकतं. गोळ्या संपायच्या आठ-दहा दिवस आधी जा.

लिथियमबाबत आणखी एक गोष्ट जिवाची आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात घाम, उलट्या-जुलाब, उपवास यांनी अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही वाढतं. हात जोरात थरथरणं, उलटी, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर पुढची गोळी न घेता लगेच रुग्णालय गाठा. नेहमीची रक्तपातळी शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी तपासतात. सकाळची गोळी घेऊन लॅबमध्ये गेलात तर आकडा चुकीचा येतो. थायरॉइड आणि मूत्रपिंडाच्या तपासण्याही डॉक्टरांनी सांगितल्या वेळी करा.

प्रश्न : नैराश्य आल्याने मेडिकल बोर्डाने सेवेतून घरी पाठवलं. ‘आजाराचा सेवेशी संबंध नाही’ म्हणून दिव्यांगता पेन्शन नाकारली. आता काही होईल का?
— माजी शिपाई, सांगोला

उत्तर : अपील करा, आणि मुदत पाळा. नकाराचं पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, त्यावर दुसरं, आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ. अपिलाआधी मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत रेकॉर्ड ऑफिसकडून मागवा, लागल्यास माहिती अधिकारात. त्यात दोन जागा वाचा : भरतीच्या वेळी असा आजार नोंदवला होता का, आणि संबंध नाही म्हणण्याचं कारण दिलंय का. भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेतच झाला असं धरायचं, तसं नाही हे सरकारने दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंह प्रकरणात सांगितलं आहे. दिव्यांगता किती टक्के लिहिली आहे तेही पाहा. पेन्शनसाठी सर्वसाधारणपणे किमान २० टक्के लागते. अपिलाचा निकाल लागेपर्यंत गोळ्या थांबवू नका. सिव्हिलच्या मनोविकार बाह्यरुग्ण विभागात उपचार घ्या आणि दर भेटीचा केसपेपर फाइलला लावा.