उपपद कुणाकडे बघतं?

प्रश्न : माझी मुलगी सहावीत आहे. तिने 'ॲन युनिफॉर्म' लिहिलं, त्यावर फुली. खालच्याच ओळीतल्या 'ॲन ओल्ड युनिफॉर्म'ला मात्र बरोबरची खूण. 'यू' स्वर आहे ना? आणि मध्ये विशेषण आलं म्हणून उपपद का बदलावं? 'द' कधी लावायचा, हेही तिला उमगत नाही.

उत्तर : फुली योग्य आहे. 'ए, ई, आय, ओ, यू आले की ॲन' हे मीही वर्गात वर्षानुवर्षं घोकून घेतलं. एकदा एका मुलाने विचारलं, ''बाई, 'अवर' तर एचने सुरू होतो, मग 'ॲन अवर' कसं?'' मी 'अपवाद' म्हणून मोकळी झाले. तो अपवाद नव्हताच. नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे.

आपल्याला तर हे सोपं आहे. शब्द देवनागरीत लिहून बघा. युनिफॉर्म, युरोपियन 'य'ने सुरू होतात, 'वन-वे' 'व'ने, म्हणून 'अ'. अवर, ऑनेस्ट, एमएलए स्वराने सुरू होतात, म्हणून 'ॲन'. एकच खड्डा आहे. वर्ष आणि कान, दोन्हींना आपण 'इयर' म्हणतो. इंग्रजीत वर्षाच्या सुरुवातीला हलका 'य' असतो, त्यामुळे 'अ यिअर', पण 'ॲन इअर'.

खरं तर 'ॲन' हेच मूळ रूप, 'वन'चं भावंड. व्यंजनापुढे त्यातला 'न' गळाला. कधी हा 'न' ऐकण्यात फसवायचाही. 'अ नेप्रन'चं लोकांनी 'ॲन एप्रन' केलं आणि स्वयंपाकघरातल्या त्या कापडाचं नावच बदललं!

आता विशेषण. मराठीत ते नामापुढे वाकतं : जुना गणवेश, जुनी वही, जुने कपडे. इंग्रजीत 'ओल्ड' कशापुढेही 'ओल्ड'च. वाकतं ते उपपद, आणि तेही नामापुढे नाही, तर लगेच पुढे उभ्या असलेल्या शब्दापुढे. म्हणून 'अ युनिफॉर्म', पण 'ॲन ओल्ड युनिफॉर्म'. 'ॲन अम्ब्रेला', पण 'अ बिग अम्ब्रेला'. 'अ' किंवा 'ॲन' मुळात लागेल का, हे मात्र नामच ठरवतं. 'ॲडव्हाइस' मोजता येत नाही, म्हणून 'अ गुड ॲडव्हाइस' चूक. नुसतं 'गुड ॲडव्हाइस'. ही चूक मी शिक्षकांच्या अर्जांतही पाहिली आहे.

'द'बद्दल थोडक्यात. मराठीत उपपदं नाहीत, पण तो फरक आपण करतोच. 'मी डॉक्टर शोधतेय' म्हणजे कुणीही चालेल : 'अ डॉक्टर'. 'मी डॉक्टरला शोधतेय' म्हणजे कोणता डॉक्टर ते तुम्हालाही ठाऊक आहे : 'द डॉक्टर'. मुलीला आधी हा 'ला' ऐकायला सांगा. फक्त हे माणसं-प्राण्यांपुरतंच. टेबल-खुर्च्यांना 'ला' लावून बघू नका.