आढीतला आंबा आणि 6.1

प्रश्न : माझं वय 58. गेल्या महिन्यात एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) 6.1 आली. गोळी नाही, पथ्य सांगितलंय. घरची हापूसची कलमं आहेत, माजघरात आढी घातली आहे. मुलगा म्हणतो, फळातल्या साखरेनं शुगर वाढत नाही, हवा तेवढा आंबा खा. सून म्हणते, त्याच साखरेनं म्हातारपण लवकर येतं. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : ताई, माजघरात आंब्याचा वास दरवळत असताना ‘आंबा बंद’ असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझंही माहेर कोकणातलंच.

मुलगा म्हणतो ती फळातली साखर म्हणजे फ्रुक्टोज. ती बरीचशी थेट यकृतात जाते आणि ग्लुकोमीटर फक्त ग्लुकोज मोजतो, म्हणून ती आकड्यात फारशी दिसत नाही. पण फार झाली तर यकृत तिची चरबी करतं. शिवाय पिकलेल्या आंब्यात सर्वांत जास्त असते ती आपल्या डब्यातल्यासारखीच साखर, आणि तिचा अर्धा भाग ग्लुकोजच असतो. 100 ग्रॅम गरात साधारण 14 ग्रॅम साखर धरा.

सुनेच्या म्हणण्यात तथ्य आहे. रक्तातलं ग्लुकोज प्रथिनांना हळूहळू चिकटतं. तुमचा 6.1 हा आकडा त्याचंच माप आहे : शंभरातल्या सहा हिमोग्लोबिनला साखर चिकटलेली. हिमोग्लोबिन ज्यात असतं त्या तांबड्या पेशी सुमारे 120 दिवसांनी बदलतात, त्यामुळे हा आकडा खाली आणता येतो. डोळ्यातलं भिंग, त्वचेतलं आणि रक्तवाहिन्यांतलं कोलॅजन हे प्रथिन मात्र वर्षानुवर्षं तेच राहतं. तिथे चिकटलेलं साठत जातं, ऊती ताठर होतात. हे सगळ्यांचंच होतं. शुगर सतत चढी असली की लवकर होतं. एका आंब्यानं मात्र कोणी म्हातारं होत नाही, हे सूनबाईंना सांगा.

खरा प्रश्न एका बैठकीत किती, हा आहे. माझ्या आईला मधुमेहाच्या उंबरठ्यावर असताना मी घरी मोजून दाखवलं होतं. चार वाजता एक आंबा फोडी करून खाल्ला, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर शुगर 136. रविवारी दोन वाट्या रस, सहा पुऱ्या आणि बटाट्याची भाजी झाली, दोन तासांनी 208. आंबे एकाच आढीतले! वाटीत किती आंबे गेले ते रसात कळत नाही, चावावं लागत नाही म्हणून पोट भरल्याचंही उशिरा कळतं, आणि पुऱ्यांच्या पिठाचं शेवटी ग्लुकोजच होतं. तेवढं एकदम आलं की इन्सुलिन कमी पडतं.

म्हणून अर्धा आंबा, फोडी करून. जेवणासोबत हवा असेल तर एक पोळी किंवा भात त्या दिवशी कमी करा. आधी भाजी, उसळ किंवा मासा खा, आंबा शेवटी. मग पंधरा मिनिटं अंगणात चाला. सकाळपासून उपाशी राहून दुपारी ताट भरून घेऊ नका. दर दोन तासांनी काहीतरी तोंडात टाकायचीही गरज नाही. जेवण तेवढंच ठेवून वर ते खाणं म्हणजे भरच.

पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा, 140च्या आत असेल तर तुमचं माप बरोबर आहे. आंबापोळी घालाल तेव्हा लक्षात ठेवा, उन्हात पाणी उडतं, साखर तेवढीच राहते. हंगाम संपल्यावर ऑगस्टमध्ये पुन्हा एचबीएवनसी करा आणि आकडा मला कळवा.