ग्रहणांवरून इतिहासाच्या तारखा काढायच्यात, मग बारावीनंतर काय घ्यायचं?

ताई, नमस्कार. पत्र वाचलं. लेक बारावी सायन्सला आहे, जुन्या ग्रहणांवरून प्राचीन संस्कृतींचा काळ ठरवतात हे तिनं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलं आणि तेव्हापासून तेच डोक्यात घेतलंय, मिस्टर एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात आहेत, नातेवाईक म्हणतायत कॉम्प्युटर इंजिनीअरिंग कर आणि मोकळी हो, आणि तुम्ही विचारताय की हे असलं खरंच शिकता येतं का आणि यावर पोट भरतं का. शिकता येतं. पोटाचं खाली सविस्तर लिहितो.

आधी काम काय असतं ते बघा, घरात चार जणांना तुम्हालाच समजवावं लागणारे. प्राचीन अ‍ॅसिरियात, म्हणजे आजच्या उत्तर इराकात, वर्षाला आकडा नसायचा, त्या वर्षीसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचं नाव हेच वर्षाचं नाव. अशा नावांच्या लांबलचक याद्या मातीच्या पाट्यांवर सापडल्यात, पण नुसत्या क्रमावरून त्या आपल्या कॅलेंडरात कुठं बसवायच्या ते कळत नाही. त्यात बुर-सगाले नावाच्या अधिकाऱ्याच्या वर्षापुढं लिहिलंय की अश्शूर शहरात बंड झालं आणि सिमानू महिन्यात सूर्याला ग्रहण लागलं. गणितानं ते ग्रहण निघालं १५ जून, इ.स.पू. ७६३. ही एक ओळ पक्की झाली आणि तिच्या मागंपुढं इ.स.पू. ९१० ते ६४९ पर्यंतची सगळी वर्षं जागेवर बसली! मला विचाराल तर इतक्या कमी शब्दांत इतकं काम करणारी दुसरी नोंद सापडणं अवघड आहे.

बॅबिलोनचं, म्हणजे त्याच इराकातल्या दुसऱ्या प्राचीन शहराचं, तर अजून भारी. १५ एप्रिल, इ.स.पू. १३६ ला तिथं खग्रास सूर्यग्रहण झालं, दिवसा कुठले ग्रह दिसले तेसुद्धा लोकांनी पाटीवर लिहून ठेवलंय. पण पृथ्वी तेव्हापासून आजच्याच वेगानं फिरत आलीय असं धरून गणित केलं तर ती सावली बॅबिलोनवर पडतच नाही, जवळजवळ ४९ अंश रेखांश पश्चिमेला जाते, म्हणजे वेळेत सव्वातीन तासांचा फरक. लिहिणारे चुकले नव्हते, पृथ्वीच हळू होत आलीय, शतकामागं दिवस साधारण १.८ मिलिसेकंदांनी मोठा होतोय आणि तो फरक साचत साचत तास होतात. म्हणजे या पाट्यांचा उपयोग इतिहासवाल्यांनाही होतो आणि फिजिक्सवाल्यांनाही.

आणि यासाठी इराकलाच जायला पाहिजे असं नाही. आपल्याकडं ग्रहणात दान केलं की पुण्य, म्हणून चालुक्य, राष्ट्रकूट, शिलाहार, यादव सगळेच ग्रहणाच्या निमित्तानं गावं-जमिनी द्यायचे आणि ताम्रपटात शक, संवत्सर, महिना, तिथी, वार कोरून ठेवायचे. कर्नाटकातल्या पट्टदकलला दुसरा कीर्तिवर्मा या चालुक्य राजाच्या काळातला स्तंभलेख आहे, त्यातलं ग्रहण २५ जून ७५४ चं. तारीख नि ग्रहण जुळलं नाही तर ताम्रपट मागाहून बनवलाय का अशी शंका घेता येते, मात्र काही वेळा तिथं न दिसलेलं, नुसतं पंचांगातलं ग्रहणही कोरलेलं असतं, त्यामुळं घाई करून चालत नाही. आपले जुने ज्योतिषगणिताचे अभ्यासक शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकाची नोकरी करत या गणितात उतरले होते. आणि सोलापूरकरांना हे माहीत पाहिजे की २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण बघायला पुण्याचे प्रा. नायगमवाला आणि अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे लोक आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरला तळ टाकून होते.

आता पोटाचं. ‘ग्रहण-इतिहासतज्ज्ञ’ अशी नोकरी नसते. जे हे काम करतात ते एकतर खगोल-फिजिक्सवाले असतात नाहीतर पुरातत्त्व-शिलालेखवाले, पगार त्या कामाचा मिळतो आणि ग्रहणाचा अभ्यास त्यातून होतो. म्हणून माझं स्पष्ट मत, आत्ता फिजिक्स-मॅथ्स सोडू नका. गणित विशीच्या वयात पक्कं होतं तसं नंतर होत नाही, लिपी आणि भाषा मात्र नंतरही शिकता येते. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची आयएटी ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा, नाही जमलं तर सोलापुरातच चांगली बी.एस्सी. करू दे, पुढं एम.एस्सी. आणि मग पीएच.डी.ला पुण्याच्या आयुकासारख्या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत प्रयत्न. नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा निघाली तर महिना ३७ हजार फेलोशिप मिळते, म्हणजे पीएच.डी.चा खर्च घरावर येत नाही. बी.एस्सी.नंतर मन इतिहासाकडं जास्त ओढलं तर डेक्कन कॉलेजला पुरातत्त्वात एम.ए. करता येतं, सायन्सवाल्यांनाही घेतात. पुरातत्त्व खात्याची शिलालेखांची वेगळी शाखा आहे, ती म्हैसूरला, तिथल्या जागा कमी निघतात आणि संस्कृत किंवा कन्नडसारखी भाषा चांगली यावी लागते. हा रस्ता लांब आहे, पंचविशीच्या पुढं जाईल, हे मिस्टरांना आत्ताच सांगून ठेवा, नंतर लपवल्यासारखं नको व्हायला.

अजून एक. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ना, अमुक श्लोकातल्या ग्रहणावरून महाभारताची पक्की तारीख निघाली म्हणून, तिला विचारा तिला ते पटतं का. त्याच श्लोकांवरून वेगवेगळ्या लोकांनी हजारो वर्षांच्या फरकानं तारखा काढल्यात, कारण ग्रहणं सारखी होत असतात, सोबत ठिकाण, महिना, राजा असं काही नसेल तर हवी ती तारीख जुळवता येते. ती यावर प्रश्न विचारायला लागली तर या कामासाठी पोरगी योग्य आहे.

दोन गोष्टी करायला सांगा. रविवारी सोलापूरजवळच्या हत्तरसंग कुडलला घेऊन जा, तिथल्या शके ९४० च्या मराठी शिलालेखासमोर तिला उभं करा, अक्षरं ओळखायचा प्रयत्न करू दे. आणि स्टेलॅरियम हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून इ.स.पू. ७६३ चं ग्रहण इराकवरून शोधायला लावा. वर्ष टाकताना उणे ७६२ टाकायचं, खगोलवाले मध्ये शून्य वर्ष धरतात, तिथंच बहुतेकजण अडकतात. महिन्याभरानं तिनं हे केलं का, किती वेळ बसली, काय अडलं ते मला कळवा, सोबत अकरावीचे फिजिक्स-मॅथ्सचे मार्क पाठवा, मग इंजिनीअरिंगच्या सीईटीचा फॉर्मही भरून ठेवायचा का ते ठरवू.